विश्लेषण : दमदार स्पोर्ट्स कारला ओव्हरड्राइव्ह की पाच गिअरचा बॉक्स?

ब्रिटिश बनावटीची हलकी स्पोर्ट्स कार आणि तिच्या बॉनेटखाली आठ सिलिंडरचे इंजिन, ही जोडी गेली साठ वर्षे मोटारप्रेमींना भुरळ घालते आहे. सनबीम टायगर, एमजीबी जीटी व्ही८, ट्रायम्फ टीआर८ या गाड्या कारखान्यातूनच अशा बाहेर पडल्या. त्यांच्याखेरीज, मूळ चार सिलिंडरच्या एमजीबीत नंतर व्ही८ इंजिन बसवून घेणारेही पुष्कळ आहेत. इंजिन बसते, आवाज घुमतो, गाडी पळते. आणि मग प्रश्न उभा राहतो तो गिअरबॉक्सचा. जुन्या चार गिअरना जोडलेला ओव्हरड्राइव्ह ठेवायचा, की आधुनिक पाच गिअरचा बॉक्स बसवायचा? बाजारात या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकाच आकड्यात दिले जाते, तो बॉक्स किती टॉर्क सोसतो. हा आकडा महत्त्वाचा आहे, पण पहिला नाही. आधी मागच्या एक्सलचे गणित मांडले नाही, तर महागडा आणि मजबूत बॉक्स बसवूनही गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालू शकते. एमजीबी जीटी व्ही८ या गाडीचा इतिहास त्याचा उत्तम धडा आहे.

टॉर्क जास्त म्हणजे गिअरबॉक्सवर नेमके काय येते?

टॉर्क म्हणजे इंजिनाची पिळण्याची ताकद. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीच्या १.८ लिटर इंजिनाचा टॉर्क दीडशे न्यूटन-मीटरच्या आसपास होता. १९७३ मध्ये एमजीने याच गाडीत रोव्हर कंपनीचे साडेतीन लिटरचे व्ही८ बसवले, तेव्हा तो सुमारे २६२ न्यूटन-मीटरवर गेला. हे इंजिन मुळात अमेरिकेतील ब्यूक कंपनीचे. अॅल्युमिनियमचे असल्याने ते एमजीच्या लोखंडी चार सिलिंडर इंजिनाइतक्याच वजनाचे होते. म्हणजे गाडी जड झाली नाही, पण तिच्या कण्यावरचा पीळ पाऊणपटीने वाढला.

गिअरबॉक्स हा पीळ नुसता पुढे पाठवत नाही, खालच्या गिअरमध्ये तो वाढवतो. एमजीबी जीटी व्ही८ च्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.१३८ आहे. म्हणजे इंजिनाचे २६२ न्यूटन-मीटर बॉक्सच्या मागच्या टोकाला ८२० च्या घरात पोहोचतात. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.२५९, तेव्हा तिथे सुमारे ३३०. चौथा गिअर थेट, एकास एक, म्हणून तिथे २६२ च. गिअरबॉक्सच्या मागे जे काही जोडलेले असेल, त्याला हा वाढलेला पीळ सोसावा लागतो. ओव्हरड्राइव्ह नेमका तिथेच बसतो, हे ध्यानात ठेवले तर पुढचा सगळा वाद समजायला सोपा जातो.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय?

चौथा गिअर एकास एक असतो, तेव्हा इंजिनाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचा एक फेरा होतो. ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिनाचा एक फेरा पुरा होण्याआधीच शाफ्टचा फेरा पूर्ण होतो. वेग तोच राहून इंजिन निवांत फिरते. पेट्रोल वाचते, आवाज कमी होतो, झीज कमी होते. आज पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर धावणाऱ्या बहुतेक हॅचबॅकचा पाचवा गिअरही हेच काम करतो. फक्त तो बॉक्सच्या आतच असतो, म्हणून त्याला कुणी वेगळे नाव देत नाही.

पन्नास-साठच्या दशकांत ब्रिटिश गाड्यांचे बॉक्स चार गिअरचे असत. त्यामागे वेगळे यंत्र जोडून पाचव्या गिअरचे काम करून घेण्याची युक्ती एडगर डी नॉर्मनव्हिल या अभियंत्याची. शेफील्डच्या लेकॉक कंपनीने ते यंत्र बनवले आणि १९४८ च्या सुमारास स्टँडर्ड व्हॅनगार्डपासून त्याचा प्रसार झाला. ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ, जग्वार, एमजी, व्होल्व्हो अशा अनेकांनी ते वापरले. १९५९ मध्ये ब्रिटनचा एम१ महामार्ग खुला झाला आणि तासन्‌तास एकाच वेगाने गाडी हाकण्याचे दिवस आले. मग ओव्हरड्राइव्ह ही केवळ चैन राहिली नाही.

यंत्राची रचना मोठी हुशारीची आहे. मधोमध एक सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि बाहेर आतून दाते असलेले कडे. ओव्हरड्राइव्ह बंद असताना पुढे ढकलणारा पीळ एका रोलर क्लचमधून थेट जातो. इंजिन गाडीला रोखते तेव्हा किंवा गाडी मागे घेताना शंकूच्या आकाराचा क्लच काम करतो. चालकाने बटण दाबले की सोलेनॉइड झडप उघडतो. यंत्रातल्याच पंपाच्या तेलाच्या दाबाने तो शंकू सरकून स्थिर कड्यावर जाऊन घट्ट बसतो. सूर्यचक्र थांबते आणि बाहेरचे कडे इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरू लागते. एमजीबीवरच्या लेकॉकचे गुणोत्तर ०.८२. क्लच पेडल न दाबता, क्षणात गिअर बदलल्याचा हा अनुभव आजही अनेकांना पाच गिअरच्या बॉक्सपेक्षा प्रिय आहे आणि त्यात फार चूकही नाही.

मग ते मोडते कधी?

सर्वसाधारण समज असा, की जास्त टॉर्क आला की शंकू घसरतो आणि जळतो. हे अर्धेच खरे आहे. ०.८२ च्या गुणोत्तरात सूर्यचक्राला रोखून धरण्यासाठी शंकूवर आलेल्या टॉर्कचा पाचव्या हिश्शाहूनही कमी भार पडतो. २६२ न्यूटन-मीटरला तो भार सुमारे ४७, तर तिसऱ्या गिअरमधल्या ३३० ला सुमारे ५९. निरोगी यंत्राला, शांतपणे चालवताना हे जड नाही. खरी कसोटी असते ती जोडणीच्या क्षणी. चालकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना बटण दाबले तर इंजिनासकट सगळी फिरती यंत्रणा एका झटक्यात मंदावावी लागते. ती ऊर्जा शंकूच्या अस्तरावर उष्णता बनून उतरते. दाब कमी असेल, तेलाची गाळणी तुंबलेली असेल किंवा तेल चुकीचे असेल, तर अस्तर घसरते, तापते, आणखी घसरते.

तेलाची गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. एमजीबीत गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह यांचे तेल एकच असते, आणि ते इंजिनातलेच, २०डब्ल्यू-५० जातीचे. गिअरबॉक्स म्हटला की त्यात गिअर ऑइल ओतायचे, ही बहुतेक गॅरेजची सवय. त्या तेलातली घर्षण कमी करणारी द्रव्ये दात्यांना उपकारक, पण शंकूला घातक असतात. 'व्ही८ ची ताकद ओव्हरड्राइव्हला पेलली नाही' असे सांगितले जाते, तेव्हा गाळणी आणि तेल आधी तपासलेले बरे.

दुसरा धोका गाडी मागे घेतानाचा. ओव्हरड्राइव्ह गुंतलेला असताना रिव्हर्स पडला तर रोलर क्लच विरुद्ध दिशेने अडकतो आणि यंत्राचे तुकडे होऊ शकतात. म्हणून गिअरबॉक्सवर एक स्विच असतो, जो ठरावीक गिअरमध्येच सोलेनॉइडला वीज पोहोचू देतो. पन्नास वर्षांच्या गाडीत तो स्विच आणि त्याची वायर शाबूत आहे का, हे पाहणे नवीन बॉक्सच्या खर्चाच्या मानाने फुकटात पडते.

एमजीने तिसऱ्या गिअरवरचा ओव्हरड्राइव्ह का काढला?

चार सिलिंडरच्या एमजीबीत ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही गिअरवर चाले. व्ही८ च्या सुरुवातीच्या गाड्यांतही तसेच होते. पण तिसऱ्या गिअरमध्ये मागे पोहोचणारा टॉर्क या यंत्राला जास्त आहे, असे लक्षात आल्यावर कंपनीने व्ही८ मध्ये तो फक्त चौथ्यावर ठेवला. वर दिलेले ३३० आणि २६२ हे आकडे समोर ठेवले की त्यामागचे कारण उघड होते.

या निर्णयाकडे माघार म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात तो शहाणपणा होता. व्ही८ च्या तिसऱ्या गिअरवर ओव्हरड्राइव्ह लावला तर गुणोत्तर १.०३ होते, म्हणजे जवळजवळ चौथा गिअरच. जे जवळपास आधीच हाताशी आहे, त्यासाठी यंत्राला सर्वाधिक ताण द्यायचा, यात अर्थ नाही. आज अनेक मालक स्विचच्या वायरिंगमध्ये फेरफार करून तिसऱ्यावरचा ओव्हरड्राइव्ह परत मिळवतात. हौस म्हणून ठीक, पण त्यातून मिळते काहीच नाही आणि धोक्यात येते सगळे.

आधी एक्सल का पाहायचा?

कारण गाडीचा अंतिम गिअर एकट्या बॉक्सवर ठरत नाही. बॉक्सचे गुणोत्तर आणि मागच्या एक्सलमधील क्राउन-पिनियनचे गुणोत्तर यांचा गुणाकार म्हणजे खरा गिअर. कारखान्यांना हे पक्के ठाऊक होते. ऑस्टिन-हीली ३००० ओव्हरड्राइव्हसह घेतली तर एक्सल ३.९१ चा मिळे. ओव्हरड्राइव्हशिवाय घेतली तर सुमारे ३.५४ चा. ओव्हरड्राइव्ह आणि एक्सल ही एकच खरेदी होती.

चार सिलिंडरच्या एमजीबीचा एक्सल ३.९०९. अशक्त इंजिनाला वेग घेण्यासाठी तो लागतो. व्ही८ बसवताना एमजीने गिअरबॉक्सच्या आधी एक्सलचाच विचार केला आणि ३.०७ चा एक्सल दिला. जोरकस इंजिनाला कमी गुणाकार पुरतो. व्ही८ च्या मूळ टायरचा हिशेब धरला, तर ताशी ११० किलोमीटरला ३.९०९ च्या एक्सलवर चौथ्या गिअरमध्ये इंजिन ३,७०० फेऱ्यांच्या पुढे जाते. ३.०७ वर ते २,९०० च्या आसपास राहते आणि ओव्हरड्राइव्ह लावला की २,४०० वर येते. या इंजिनाचा कमाल टॉर्क २,९०० फेऱ्यांना मिळतो. म्हणजे २,४०० ही त्याची निवांत पण सावध अवस्था आहे. थोडा चढ आला तरी गिअर न बदलता गाडी ओढते. ब्रिटनमधल्या महामार्गावरची कमाल वेगमर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर. कारखान्याने हे गणित नेमके त्या रस्त्यासाठी जुळवले होते.

चार सिलिंडरच्या एमजीबीत व्ही८ बसवणारे अनेकदा इथेच चुकतात. मूळचा ३.९०९ चा एक्सल तसाच राहतो, गाडी महामार्गावर किंचाळते, आणि उपाय म्हणून पाच गिअरचा बॉक्स शोधला जातो. आजार एक्सलचा, औषध मात्र बॉक्सला.

पाच गिअरचे पर्याय कोणते?

पहिला पर्याय इंजिनाच्या घरातलाच. रोव्हरने १९७६ मध्ये एसडी१ ही मोठी गाडी आणली, तेव्हा या व्ही८ साठी एलटी७७ हा पाच गिअरचा बॉक्स दिला. त्याच्या नावातले ७७ म्हणजे आतील दोन शाफ्टमधील मिलिमीटरचे अंतर. पहिला गिअर सुमारे ३.३२, पाचवा सुमारे ०.८३. त्याचा वारसदार आर३८०. त्याच्या नावातच ३८० न्यूटन-मीटर ही क्षमता आहे. एलटी७७ चा पाचवा गिअर ३.०७ च्या एक्सलशी गुणला तर २.५५ येतात, एमजीच्या कारखान्यातला ओव्हरड्राइव्ह २.५२ देतो. ताशी ११० ला दोघांत जेमतेम तीस फेऱ्यांचा फरक पडतो. यातून एक गोष्ट सिद्ध होते. पाच गिअरचा बॉक्स बसवल्याने ही गाडी महामार्गावर आणखी शांत होत नाही. मिळते ते टिकाऊपण, सुटे भाग मिळण्याची सोय आणि इंजिन आणखी ताकदवान करण्याची मुभा. हे हवे असेल तर बदल करावा. केवळ शांततेसाठी करत असाल तर पैसे वाया जातात.

खुद्द एमजीने पुढे हाच मार्ग धरला. १९९२ ते १९९५ दरम्यान बनलेल्या आरव्ही८ मध्ये ३.९ लिटरचे इंजिन होते, सुमारे ३१७ न्यूटन-मीटरचे. तिला आधी एलटी७७ आणि मग आर३८० बॉक्स मिळाला, एक्सल ३.३१ चा. टॉर्क वाढला तेव्हा ओव्हरड्राइव्ह सोडला आणि एक्सलचा हिशेब नव्याने मांडला.

दुसरा लोकप्रिय पर्याय अमेरिकी टी५. फोर्ड मस्टँगमुळे तो घरोघर पोहोचला. मस्टँगच्या पाच लिटर व्ही८ साठीच्या आवृत्तीची क्षमता नव्वदच्या दशकात सुमारे ४०७ न्यूटन-मीटरची होती. पहिला गिअर ३.३५, पाचवा ०.६८. बॉक्स हलका, भाग मुबलक. म्हणून सनबीम टायगरपासून एमजीपर्यंत सगळीकडे तो सुचवला जातो. पण ०.६८ चा आकडा जपून वाचायला हवा. ३.०७ च्या एक्सलवर तो २.०९ देतो. ताशी ११० ला इंजिन दोन हजारांच्या खाली येते, आणि ८० ला साडेचौदाशेच्या आसपास. अशा वेगाला पाचवा गिअर म्हणजे ओझे वाहणाऱ्या बैलाला दुडक्या चालीने हाकण्याचा प्रकार. चालक चौथ्यातच राहतो आणि पाचव्याला गंज चढतो. सनबीम टायगरचा एक्सल तर २.८८ चा. तिच्यात हा बॉक्स घातला की पाचवा १.९६ वर जातो. टायगरचे ४.३ लिटरचे इंजिन ३५० न्यूटन-मीटर देते, ते तितके ओढूही शकेल. पण मुळात २.८८ मुळे तिचा चौथा गिअरच आधीपासून लांब आहे, हे विसरून चालणार नाही.

याच्या उलट, टी५ ला ३.९०९ च्या एक्सलशी जोडले तर महामार्गावरचे गणित उत्तम, सुमारे २,५०० फेरे. पण पहिला गिअर तेरापटींच्या वर जातो. कारखान्याच्या व्ही८ मध्ये पाच हजार फेऱ्यांना पहिला गिअर ताशी ६० पर्यंत पोहोचवतो. इथे तो ४४ लाच संपतो. चौक ओलांडण्याआधी दुसरा गिअर टाकावा लागतो आणि टॉर्क असण्याचे सुखच निघून जाते. मधला मार्ग आहे. टी५ ला आरव्ही८ सारखा ३.३१ च्या आसपासचा एक्सल दिला तर पाचवा २.२५ वर येतो आणि पहिलाही सुसह्य राहतो.

तिसरा पर्याय अमेरिकेतील गिअर व्हेंडर्सचा. लेकॉकच्याच वंशातला हा ओव्हरड्राइव्ह भारी टॉर्कसाठी बनवला जातो, गुणोत्तर सुमारे ०.७८. जुना चार गिअरचा मजबूत बॉक्स ठेवून मागे जोडायला तो चांगला. पण लांबी वाढते, प्रोपेलर शाफ्ट छोटा करावा लागतो. एमजीबीसारख्या आखूड गाडीत जागा काढणे कठीण. मोठ्या अमेरिकी गाड्यांत तो अधिक शोभतो.

'जितका मजबूत तितका चांगला' हे का खरे नाही?

कारण हलक्या गाडीत गिअरबॉक्सला सर्वात मोठे संरक्षण टायरच देतात. एमजीबी जीटी व्ही८ चे वजन सुमारे १,०८० किलो. पहिल्या गिअरमध्ये पूर्ण टॉर्क लावला तर मागच्या चाकांवर येणारे बळ रस्त्याच्या पकडीपेक्षा बरेच जास्त होते. मूळचे अरुंद टायर घसरतात आणि जादा पीळ धुरात विरतो. तो बॉक्सपर्यंत परततच नाही. म्हणूनच ज्या बॉक्सला दीड टनाच्या गाडीत धोका असेल, तो इथे वर्षानुवर्षे टिकतो.

हे संरक्षण मालक स्वतःच काढून घेतात. रुंद, चिकट टायर, घट्ट सस्पेन्शन, आणि मग ट्रॅफिक सिग्नलवर क्लच झटकन सोडण्याची सवय. पकड वाढली की धक्का थेट दात्यांवर आणि एक्सलवर येतो. तिथे ६०० न्यूटन-मीटरचा बॉक्स बसवला तरी भार फक्त पुढे सरकतो. आधी बॉक्स तुटत होता, आता एक्सलचा हाफ शाफ्ट तुटतो. साखळीची सर्वात कच्ची कडी बदलली की दुसरी कच्ची कडी समोर येते. शिवाय अतिमजबूत बॉक्स जड असतो, त्याची गिअर बदलण्याची चाल अवजड असते, आणि त्याचा पहिला गिअर बहुधा लांब असतो. शर्यतीत हे चालते. रविवारच्या फेरीत नाही.

कापाकापीची किंमत किती?

एमजीबी जीटी व्ही८ १९७३ ते १९७६ या काळात अवघ्या २,५९१ बनल्या. त्या आणखी बनणार नाहीत. एलटी७७ किंवा टी५ बसवण्यासाठी गाडीच्या मधला बोगदा अनेकदा ठोकून किंवा कापून रुंद करावा लागतो. क्रॉसमेंबर नवा, प्रोपेलर शाफ्ट नवा, गिअर लिव्हरची जागा बदललेली, स्पीडोमीटरची जोडणी वेगळी. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. तिचा सांगाडा म्हणजेच तिची बॉडी. तिथला कट कधीच पूर्ण भरून येत नाही. ओव्हरड्राइव्ह मात्र सुटा करून, दुरुस्त करून पुन्हा त्याच जागी बसवता येतो.

भारतातल्या मालकांसाठी याला कायद्याचीही बाजू आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या वाहनांना व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. अशा वाहनाच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे, आणि त्याच्या चॅसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे, देखभाल इतपतच रस्त्यावर आणता येते. १९७३ ची व्ही८ आता या वयात पोहोचली आहे. बोगदा कापून पाचवा गिअर बसवणारा मालक ज्या गाडीला वर्षातून काही वेळाच रॅलीला न्यायचे आहे, तिचा मूळ दर्जा धोक्यात घालतो. चार सिलिंडरच्या गाडीत नंतर व्ही८ बसवलेला असेल, तर या नोंदणीचा विचार वेगळाच करावा लागतो, कारण इंजिनच बदललेले आहे.

मग निवड कशी करायची?

उत्तर गाडीनुसार तीन प्रकारांत विभागले जाते. गाडी कारखान्यातून बाहेर पडलेली मूळ व्ही८ असेल आणि इंजिन मूळ ताकदीचे असेल, तर ओव्हरड्राइव्ह ठेवावा. तो फक्त चौथ्या गिअरवर चालू द्यावा, तेल योग्य ठेवावे, गाळणी साफ करावी, रिव्हर्सचा स्विच तपासावा, आणि दाब मोजून घ्यावा. बॉक्सवर खर्च करण्याच्या लालसेला आवर घातला, तर गाडीचे मोल आणि चालवण्याचा आनंद दोन्ही टिकतात.

गाडी चार सिलिंडरची होती आणि तिच्यात व्ही८ बसवलेला असेल, तर पहिला रुपया एक्सलवर खर्च व्हावा. ३.०७ च्या आसपासचा एक्सल बसल्यावर गाडी चालवून पाहावी. निम्म्या मालकांची तक्रार तिथेच संपेल. त्यानंतरही बॉक्स हवा असेल, तर एलटी७७ किंवा आर३८० हे इंजिनाशी मुळातच जुळलेले पर्याय पहिल्या पसंतीचे.

इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटरच्या वर नेला असेल आणि गाडी खरोखरच लांब पल्ल्यासाठी चालवायची असेल, तर ओव्हरड्राइव्हला निरोप द्यावा. टी५ घ्यावा, पण ०.६८ च्या पाचव्या गिअरसाठी एक्सल ३.३१ च्या जवळ ठेवूनच. आधी कागदावर पहिल्या आणि पाचव्या गिअरचा गुणाकार मांडावा. पहिला साडेनऊ ते सव्वाअकराच्या दरम्यान आणि शेवटचा सव्वादोन ते अडीचच्या दरम्यान आला, तर या वजनाच्या व्ही८ साठी निवड बरोबर आहे. न आल्यास विक्रेत्याने दाखवलेला क्षमतेचा आकडा कितीही मोठा असो, ती खरेदी चुकीचीच.

जुन्या गाडीत आधुनिक बॉक्स बसवणे हा गुन्हा नाही. एमजीनेही आरव्ही८ मध्ये तेच केले. पण त्यांनी प्रत्येक टप्प्यावर इंजिन, बॉक्स आणि एक्सल एकत्र मोजले. आज किट विकणारी दुकाने बॉक्स एकटा विकतात आणि मालक तो एकटाच विकत घेतात. ही सवय सुटली, तर २,५९१ पैकी उरलेल्या गाड्यांचे बोगदे शाबूत राहतील, आणि ज्यांना खरोखर पाचवा गिअर हवा आहे त्यांना तो उपयोगी पडेल असाच मिळेल.